ऑक्सालिप्लॅटिन चालू असताना: दोन बाटल्यांमधले एकवीस दिवस

मराठवाडा एक्स्प्रेसनं जालना सोडलं होतं. आबांनी फेरीवाल्याकडून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीतला एक घोट घेतला आणि बाटली माझ्या हातात कोंबली. हात गळ्याशी, डोळे मोठे. "श्वास अडकू लाला रे," एवढंच कसंबसं बोलले. सकाळीच संभाजीनगरला त्यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्सालिप्लॅटिनचा पहिला डोस मिळाला होता. "गार काही देऊ नका," असं सिस्टरनं निघताना बजावलंही होतं. आम्ही त्याचा अर्थ 'आइस्क्रीम नको' एवढाच घेतला. शिवाय सेलूत माझं औषधाचं दुकान आहे, म्हणजे न कळायला काही कारणही नव्हतं.

समोरच्या बाईंनी थर्मासमधला चहा दिला. दोन-तीन कोमट घोटांनंतर गळा सुटला. तो अडकला नव्हताच. या औषधानं गळ्याच्या नसा गारव्याला इतक्या हुळहुळ्या होतात की हवा नीट आत-बाहेर होत असूनही माणसाला आपण गुदमरतोय असं वाटतं. हे आधी माहीत असतं तर आम्ही दोघंही इतके घाबरलो नसतो. आबांचे आठ डोस झाले. त्या सहा महिन्यांत शिकलेलं इथे क्रमानं लिहितो. औषध किती, कधी आणि कुणाला द्यायचं ते कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात, त्यात आपण पडायचं नाही. मात्र हे औषध सुरक्षित राहणं बरंचसं घरावर असतं, कारण बाटली दोन तासांत संपते आणि पुढचे वीस दिवस रुग्ण आपल्यापाशी असतो.

औषधाची थोडी ओळख

ऑक्सालिप्लॅटिन हे प्लॅटिनम धातूपासून बनवलेलं औषध आहे. ते जपानमध्ये नागोया इथे 1976 मध्ये तयार झालं. पेशीच्या डीएनएला ते गाठी पाडतं, त्यामुळे झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मरतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते सहसा एकटं देत नाहीत. एका पद्धतीत त्याच्याबरोबर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतात आणि दर 21 दिवसांनी बाटली लागते. दुसऱ्या पद्धतीत फ्लुरोयुरॅसिल हे इंजेक्शन पंपातून 46 तास चालतं आणि दर 14 दिवसांनी जावं लागतं. आबांची पहिली पद्धत होती, त्यामुळे पुढचं बरंचसं लिखाण तिच्या अंगानं आहे.

तिसऱ्या टप्प्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर पूर्वी सरसकट सहा महिने केमो देत. 2018 मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यांनुसार कमी जोखमीच्या रुग्णांना, विशेषतः गोळ्यांच्या पद्धतीत, तीन महिन्यांतही जवळपास तेवढाच फायदा मिळतो आणि नसांचं नुकसान बरंच कमी होतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्या, "आमच्या रुग्णाला तीन महिने की सहा, आणि का?" या प्रश्नावर कुठलाही चांगला डॉक्टर चिडत नाही.

पहिल्या डोसाआधी

रक्ताचे काउंट, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या, कावीळ बीची तपासणी, गरजेप्रमाणे ईसीजी हे दवाखाना करतोच. तुमच्या हातात आहे ते घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी नेणं. चिठ्ठी नको, पिशवीच न्या. माझ्या काउंटरवर रोज दिसतं की लोकांना 'बीपीची गोळी' माहीत असते, तिचं नाव माहीत नसतं.

पिशवीत काही गोष्टी खास बघायच्या. रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि फिटची फेनिटोइन या दोन्हींचा असर कॅपेसिटाबिन किंवा फ्लुरोयुरॅसिलबरोबर वाढतो. फोलिक अॅसिड असलेल्या ताकदीच्या गोळ्या दिसायला निरुपद्रवी असतात, पण त्यांनी या औषधांचा त्रास वाढतो. 'रक्त वाढायला' म्हणून आमच्याकडे ज्या लाल कॅप्सूल खपतात, त्यांतल्या बहुतेकींत फोलिक असतं. गुळवेलीचा काढाही थांबवा, त्यानं लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आबांच्या पिशवीत भावकीतल्या एकानं आणून दिलेली, नाव नसलेली पुडी निघाली. डॉक्टरांनी ती टोपलीत टाकली तेव्हा आबांना वाईट वाटलं. मला मात्र सुटल्यासारखं झालं, कारण घरी ती फेकायची माझी हिंमत झाली नसती.

आणखी एक विचारा: डीपीडी नावाच्या एन्झाइमची तपासणी. कॅपेसिटाबिन आणि फ्लुरोयुरॅसिल शरीरात याच एन्झाइमनं मोडतात. थोड्या लोकांत ते जन्मतः कमी असतं आणि त्यांना नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो. तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही. झाली नसेल तर पहिल्या डोसानंतरच्या आठ-दहा दिवसांत तोंड सोलवटून निघणं आणि न थांबणारे जुलाब दिसले, तर 'केमो म्हटल्यावर एवढं होणारच' म्हणून घरी बसू नका.

पैशांचं आधीच बघून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी बसते आणि कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. यादीतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' अशी पाटी लावलेला टेबल असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा. हेल्पलाइन 155388. संभाजीनगरचं सरकारी कर्करोग रुग्णालय तर आहेच. धाराशिव, लातूरकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालयही परवडतं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपरमध्ये पूर्ण आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. आम्हाला हे तिसऱ्या डोसाला कळलं.

बाटली बाहेरून आणायची वेळ आली तर

योजनेत असाल तर ही वेळ यायला नको. आलीच, तर चिठ्ठीवरचं नाव आणि खोक्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन आणि ऑक्सालिप्लॅटिन या तिन्ही नावांची शेपटी एकच आहे, डोस मात्र अगदी वेगवेगळे. साधारणपणे 50 आणि 100 मिलिग्रॅमच्या बाटल्या मिळतात. हे औषध राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत असल्यानं त्याच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादा आहे. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो.

इथे माझी फजिती सांगतो. दुसऱ्या डोसाला एक बाटली कमी पडणार म्हणून मी ती आदल्या दिवशी माझ्या ओळखीच्या होलसेलरकडून उचलली आणि इन्सुलिनच्या सवयीनं बर्फाच्या डब्यात घालून नेली. डे-केअरच्या फार्मासिस्टनं डबा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि खोक्यावरची ओळ बोटानं दाखवली: गोठवू नये. ही बाटली खोलीच्या तापमानाला, खोक्यातच, उजेडापासून दूर ठेवायची असते. फ्रीजर नको, बर्फ नको, आणि आमच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवरही नको. त्यांनी ती बाटली वापरली नाही, आणि ते बरोबरच होतं.

बाटली चढते त्या दिवशी

वजन आणि उंची. ही पायरी लोकांना किरकोळ वाटते, पण सगळा डोस तिच्यावर उभा असतो. औषध अंगाच्या क्षेत्रफळावर मोजतात. गोळ्यांच्या पद्धतीत दर चौरस मीटरला 130 मिलिग्रॅम, पंपाच्या पद्धतीत 85. आबांची उंची 165 सेंटिमीटर आणि सुरुवातीचं वजन 60 किलो, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 1.66 आणि डोस सुमारे 215 मिलिग्रॅम. चौथ्या डोसापर्यंत वजन 52 वर आलं. त्याच हिशेबानं डोस 200 च्या आसपास यायला हवा होता. काट्यावर उभं न करता जुनाच आकडा लिहिला असता तर औषध जास्त गेलं असतं. म्हणून दर वेळी वजन करून घ्या, तेही चप्पल, फेटा आणि खिशातली चंची काढून.

मग त्या दिवसाचे काउंट. पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल 1500 च्या खाली किंवा प्लेटलेट 75 हजारांच्या खाली असतील तर बहुतेक डॉक्टर डोस पुढे ढकलतात. रिकाम्या हातानं परतायचं म्हणजे तिकिटाचे पैसे गेले, रोज बुडाला, हे मला कळतं. आबाही एकदा अडून बसले, "आलोच आहे तर चढवून टाका." आठवडाभर उशिरा मिळालेल्या डोसापेक्षा पेशी नसताना चढलेला डोस कितीतरी महाग पडतो. रिपोर्ट आदल्या दिवशी गावातच करून फोनवर पाठवता येतो का, ते विचारा. आम्ही पाचव्या डोसापासून तसंच केलं.

आता बाटलीबद्दल. आपण खांबाला टांगलेल्या प्रत्येक बाटलीला 'सलाईन' म्हणतो. ऑक्सालिप्लॅटिनला मात्र खरं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, अजिबात चालत नाही. त्यातल्या क्लोराइडनं औषध बिघडतं. ते फक्त 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या पाण्यात मिसळतात. नळीही त्याच पाण्यानं धुतात. फ्लुरोयुरॅसिल त्यानंतर येतं, त्याच बाटलीत कधीच नाही. हे सगळं सिस्टरला पाठ असतं. तरी बाटलीवर लावलेली चिठ्ठी वाचायची सवय ठेवा: रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, डोस. तिघांच्या खुर्च्या शेजारी असतात आणि 'पाटील' आडनावाचे दोघे एकाच दिवशी असू शकतात.

शुगर असेल तर आधी सांगा. 500 मिलिलिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर जाते. त्यात उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, त्यानं शुगर आणखी दोन दिवस चढते आणि रात्री झोपही लागत नाही.

बाटली चालू असताना दोन गोष्टींवर डोळा ठेवा. पहिली, सुईची जागा. आग, सूज, तंग वाटणं, काहीही झालं की लगेच हाक मारा, बाटली संपायची वाट बघू नका. शिरेबाहेर गेलेलं औषध मांस खराब करू शकतं. आणि तिथे बर्फ लावायचा नाही, या औषधाच्या बाबतीत तो उलटा पडतो. शिरेतून हात नुसता ठणकत असेल तर कोमट कपडा गुंडाळा, एसीच्या झोताखालची खुर्ची बदलून घ्या.

दुसरी गोष्ट अॅलर्जी. इथे लोक फसतात, कारण ती पहिल्या डोसाला क्वचित येते. पाच-सहा डोस निर्धास्त गेल्यावर, सोबतचा माणूस खाली चहाला गेलेला असताना ती येते. तळहात खाजणं आणि लाल होणं, चेहऱ्यावर गरम वाफा, छातीत आवळणं, पाठ एकदम दुखणं, घाम, चक्कर. आबांना सातव्या डोसाला तळहाताला खाज सुटली आणि त्यांनी ती वीस मिनिटं कुणाला सांगितली नाही, का तर "पोरी बिचाऱ्या कामात होत्या." बाटली थांबवली, औषधं दिली, अर्ध्या तासात निभावलं. आठवा डोस वेगळी पूर्वतयारी करून अगदी सावकाश दिला.

पंप घेऊन घरी जाणाऱ्यांसाठी थोडं

पंपाच्या पद्धतीत छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडायची छोटी डबी, बसवतात आणि फुग्यासारखा पंप कमरेला लावून घरी पाठवतात. त्या पंपाचा वेग उष्णतेनं बदलतो, म्हणून तो उन्हात किंवा चुलीजवळ नको आणि गोधडीच्या आत अंगाखालीही नको. नळी ओली दिसली तर चिमटा बंद करा, हातमोजे घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि दवाखान्याला फोन करा. गावातल्या कुणाकडूनही सुई काढून घेऊ नका. फुगा ठरल्या वेळेच्या खूप आधी रिकामा झाला तर तीसुद्धा तातडीची बाब समजा, सगळं ठीक वाटत असलं तरी.

पहिले पाच दिवस: गारवा

आमच्याकडे लोक उन्हाला भितात, गारव्याला नाही. त्यामुळे हा भाग घरात पटवायला सगळ्यात अवघड गेला. डोसानंतर काही तासांतच हात, पाय, ओठ, जीभ, घसा गारव्याला हुळहुळे होतात. गार वस्तू धरली की सुया टोचल्यासारख्या मुंग्या येतात. जेवताना पहिल्या घासाला जबड्यात कळ येते, ती दोन-चार घासांनी जाते. हे सहसा काही दिवसांत ओसरतं, पण दर डोसाला थोडं जास्त रेंगाळतं.

गार म्हणजे फक्त फ्रीज नव्हे. आमच्या घरातल्या गार वस्तूंची यादी डोस घेता घेता वाढत गेली. पहाटेचा स्टीलचा तांब्या. हापशाचा दांडा. शहाबादी फरशी, तिच्यावर अनवाणी पाय टाकला की आबा टुणकन उडायचे. कुलूप. दुधाची कॅन. उन्हाळ्यात माठाचं पाणी आणि थेट अंगावर येणारा कूलरचा झोत. उसाच्या रसातला बर्फ. गाडीच्या खिडकीतली सकाळची हवा.

मग आम्ही असं बसवलं: निदान पाच दिवस पिण्याचं पाणी कोमट, ताक फ्रीजबाहेर ठेवून गारवा गेलेलं, आंघोळ ऊन पाण्यानं, घरात मोजे आणि स्लिपर. दाराशी लोकरीचे हातमोजे टांगून ठेवले. फ्रीज उघडायचं काम दुसऱ्याचं. हिवाळ्यात परभणी भागात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा बाहेर पडताना मफलर नाकातोंडावरून घ्यायचा, म्हणजे आत जाणारी हवा जराशी तापते. जेवणाआधी कोमट पाण्याचा घोट घेतला की जबड्याची कळ कमी होते.

खरी अडचण शेताची होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि मोटारीची लाईट रात्रीची. तिसऱ्या डोसानंतर चौथ्या रात्री आबा कुणाला न सांगता दारं धरायला गेले. पाण्यात हात घातला आणि बोटं आकडली, खोरं सुटेना. बटाईदारानं हाक ऐकली म्हणून बरं. डोसाच्या आठवड्यात रात्रीचं पाणी दुसऱ्यानं द्यायचं, हे आधीच ठरवून टाका. वेळेवर ठरवायला गेलं की म्हातारी माणसं ऐकत नाहीत.

आणखी एक गोंधळ. काही केमोमध्ये तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळायला सांगतात. शेजारच्या खुर्चीतला रुग्ण तो सल्ला प्रेमानं देईल. ऑक्सालिप्लॅटिनच्या रुग्णानं तो घ्यायचा नाही.

गळा आवळल्यासारखा झाला तर बसवा, कोमट घोट द्या, तळहात तोंडापुढे धरून सावकाश श्वास सोडायला लावा. काही मिनिटांत उतार पडतो. पण जीभ किंवा ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, छातीतून घरघर ऐकू आली, तर तो गारव्याचा खेळ नाही. सरळ 108 ला फोन. शंका असली तरी 108. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना हे जरूर सांगा, बाटली दोनऐवजी सहा तासांत दिली तर हा त्रास कमी होतो.

ताप

हा भाग चुलीजवळ चिकटवून ठेवा. डोसानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे थांबायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी. अशा रुग्णाला अँटिबायोटिक शिरेतून तासाभरात मिळायला हवं. थर्मामीटर घरात हवा. हात लावून ताप बघणं इथे चालत नाही.

आमच्या भागातली रीत अशी: ताप आला की पॅरासिटामॉल, नाही उतरला तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जाऊन कमरेत एक सुई आणि एक बाटली. केमोच्या रुग्णाला यातलं प्रत्येक पाऊल घात करतं. तपासण्याआधी पॅरासिटामॉल दिलं की तापच दडतो. प्लेटलेट कमी असताना कमरेत सुई दिली तर आत रक्त साकळतं. डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन मनानं घेऊ नका. मी दुकानदार आहे, या गोळ्या विकून माझं घर चालतं, तरी सांगतो.

एक कार्ड बनवा आणि रुग्णाच्या खिशात ठेवा. त्यावर औषधांची नावं, शेवटच्या डोसाची तारीख, कॅन्सरच्या डॉक्टरांचा नंबर आणि ठळक अक्षरांत ही ओळ: 'केमो चालू आहे. ताप असल्यास काउंट तातडीनं तपासा.' रात्री तालुक्याच्या दवाखान्यात नवखा डॉक्टर असतो आणि घरच्यांना औषधाचं नाव उच्चारता येत नाही. तिथे हे कार्डच तुमच्या वतीनं बोलतं.

गोळ्या आणि पोट

कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. आबांना 500 मिलिग्रॅमच्या सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन होत्या, 14 दिवस, मग 7 दिवस सुट्टी. सुट्टीचा आठवडा कॅलेंडरवर रंगवून ठेवा. गोळ्या उरल्यात म्हणून सुट्टीतही चालू ठेवलेले गिऱ्हाईक मी पाहिलंय. चुकलेला डोस सोडून द्यायचा, पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही. एकादशीला आबांनी गोळ्या उपाशीपोटी घेतल्या आणि संध्याकाळपर्यंत मळमळत राहिले. पुढच्या एकादशीला आईनं त्यांच्यापुढे भाकरी ठेवली, काही न बोलता.

जुलाब सुरू झाले की मोजा, 'बरेच झाले' असं सांगू नका. नेहमीपेक्षा दिवसात चार किंवा त्याहून जास्त वाढले, किंवा रात्री उठावं लागलं, तर गोळ्या थांबवा आणि फोन करा. लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, कशी घ्यायची ते पहिल्याच भेटीत लिहून घ्या. आमच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडायला एक दुपार पुरते, म्हणून ओआरएस पहिल्या जुलाबापासून. तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले तरी तेच: गोळी थांबवा, विचारा. छातीत दुखलं तर गोळी तिथेच बंद आणि लगेच दवाखाना. या औषधानं हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात.

मळमळीच्या गोळ्या उलटी व्हायच्या आधी घ्यायच्या असतात. खाणं ताजं, शिजवलेलं, गरम. उघड्यावरची कापलेली फळं आणि रसवंती सहा महिने बंद.

घरच्यांनी काय जपायचं

डोसानंतर निदान 48 तास लघवी, संडास, उलटी यांत औषध असतं. स्वच्छ करणाऱ्यानं हातमोजे घालावेत, संडासात दोनदा पाणी टाकावं, पुरुषांनीही बसून लघवी करावी म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. खराब झालेले कपडे वेगळे धुवावेत. घरात गरोदर बाई असेल तर ही कामं तिला नकोत. रुग्ण किंवा जोडीदार मुलं होण्याच्या वयाचे असतील तर उपचार चालू असताना आणि नंतरही काही महिने गर्भधारणा टाळायची असते. नेमके किती महिने, ते न लाजता विचारा.

एवढंच. ताट-वाटी वेगळी करू नका. आमच्याकडे पाहुण्यांपैकी एकीनं नातवाला आबांच्या मांडीवरून उचललं, 'औषध लागेल' म्हणून. मांडीवर बसल्यानं, मिठी मारल्यानं, एका पंगतीत जेवल्यानं कुणाला काही होत नाही. तो दिवस आबा जेवले नाहीत.

बधिरपणा, जो हळूहळू येतो

गारव्याच्या मुंग्या येतात आणि जातात. दुसरा त्रास जात नाही, साचत जातो. चार-पाच डोसांनंतर बोटांची टोकं आणि तळपाय पुढच्या डोसापर्यंत पूर्ण मोकळे होईनासे होतात. बहुतेक रुग्ण ते लपवतात. सांगितलं तर औषध बंद होईल आणि कॅन्सर परत येईल, ही त्यांची भीती. प्रत्यक्षात डॉक्टर अशा वेळी फक्त ऑक्सालिप्लॅटिन कमी करतात किंवा थांबवतात, गोळ्या चालू ठेवता येतात. सांगायला उशीर झाला तर बधिरपणा वर्षानुवर्षं राहू शकतो.

'कसं वाटतंय' असं विचारून उपयोग नाही, 'बरंय' हेच उत्तर येतं. आम्ही दर डोसाआधी तीन गोष्टी करून बघायचो: सदऱ्याची बटणं लावणं, खिशातली नाणी न बघता ओळखणं, डोळे मिटून उभं राहणं. सहाव्या डोसाआधी आबांना रुपया आणि दोन रुपये वेगळे सांगता आले नाहीत. तारखेसह वहीत लिहिलं, वही डॉक्टरांपुढे ठेवली आणि सातवा-आठवा डोस कमी करून दिला गेला.

'नसांच्या गोळ्या' मागायला माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येतं. या औषधाचा बधिरपणा त्यांनी टळतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि त्यांतलं बी-6 जीवनसत्त्व जास्त प्रमाणात घेतलं तर त्यानंच नसा बिघडतात. त्रास दुखण्याच्या पातळीवर गेला तर ड्युलोक्सेटिन नावाची गोळी काहींना उपयोगी पडते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

शेवटचा डोस झाला म्हणून वही बंद करू नका. बधिरपणा त्यानंतरही दोन ते सहा महिने वाढू शकतो आणि मगच उतरायला लागतो. आम्हाला हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून आठव्या डोसानंतर दोन महिन्यांनी आबांचे पाय जास्त जड झाले तेव्हा कॅन्सर परत आला अशी धाव आम्ही घेतली नाही. या काळात भाकरी थापणाऱ्या बाईनं तव्याला बोट न लावता उलथनं वापरावं. आंघोळीचं पाणी कोपरानं बघावं. कापूस वेचायला, हरभरा काढायला जाताना पायात बूट हवेत. रात्री झोपताना तळपाय आरशात किंवा नातवाकडून बघून घ्यावेत, बाभळीचा काटा मोडून आत राहिला तरी कळत नाही. आणि पायताण घालायच्या आधी ते उलटं करून झटकावं. आबांच्या चपलेतून एकदा विंचू पडला. पाय आत गेला असता तर नांगी मारलेली त्यांना कळली असती की नाही, यावर ते आणि आई अजून वाद घालतात.